विद्यार्थी मंडळाची शिस्त : नियम सभासदांसाठी, की पदाधिकाऱ्यांसाठीही?

कलमबहाद्दर

आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या मंडळाची नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे आणि तिचा कच्चा मसुदा गेल्या आठवड्यात माझ्याकडे वाचायला दिला. मी तेथे शिकवतो. मंडळाशी माझा अधिकृत संबंध काही नाही आणि शुद्धलेखन तपासून द्यावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. शुद्धलेखन बरे आहे. परंतु शिस्तीच्या प्रकरणात २१ कलमे असून ती झाडून सगळी साध्या सभासदांविषयी आहेत. सभेला उशिरा येऊ नये, मंडळाचे नाव परवानगीवाचून वापरू नये, अध्यक्षांशी उद्धट बोलू नये, असे सर्व त्यांत आहे. अध्यक्षांनीच सभा बोलावली नाही तर काय करावे, खजिनदाराने हिशेब दिला नाही तर तो कोणी मागावा, आणि निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी पदावरून दूर करायचे झाल्यास वाट कोणती, याविषयी मात्र एक ओळही नाही.

हे मंडळ म्हणजे कायद्यातील विद्यार्थी परिषद नव्हे. स्नेहसंमेलन, नाट्य, वादविवाद आणि वसतिगृहाच्या बारीकसारीक तक्रारी पाहणारी ती जुनी घरगुती संस्था आहे आणि दरवर्षी प्रत्येकी १०० रुपये वर्गणी घेते.

मुलांनी असे का लिहिले असावे, याविषयी माझा एक कयास आहे. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थी परिषद गुणवत्तेनुसार नेमण्याची पद्धत आणली. आधीच्या परीक्षेत चमकलेला विद्यार्थी वर्ग प्रतिनिधी होई, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, सांस्कृतिक कार्यक्रम यांतून काही जण आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्य नेमत, आणि या मंडळींतून एक जण सचिव म्हणून निवडला जाई. वर्गाने ज्याला बसवलेले नाही त्याला वर्ग उठवूही शकत नाही, हे उघड आहे. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी यांची थेट निवडणूक पुन्हा आली. २०१९ साली ती होणार असे जाहीर झाले, विधानसभा निवडणुकीच्या कारणाने ती पुढे गेली, मग करोना आला. परिणामी, आपण निवडलेल्या माणसाला आपणच जाब विचारायचा असतो हे पाहण्याचा प्रसंगच आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांवर आलेला नाही, आणि शिस्त म्हटले की त्यांना वरून खाली येणारी सूचनाच आठवते.

ज्यांनी विद्यार्थिदशेत अशा संस्था चालवल्या आहेत त्यांनी आपले अनुभव सांगावेत. मसुद्यात काय घालावे, यापेक्षा कोणती गोष्ट प्रत्यक्षात चालली आणि कोणती चालली नाही, हे समजले तर अधिक उपयोग होईल.

जुनी बराक

सर, मी विद्यार्थी परिषदेत कधी नव्हतो. परंतु १९८० च्या दशकात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात आमची मेस आम्हीच चालवत होतो आणि शिस्तीचे जे काही शिक्षण मला मिळाले ते तेथेच. सुमारे ६० ताटे होती. दर महिन्याला एक सेक्रेटरी. वाण्याकडून किराणा आणणे, स्वयंपाक करणाऱ्या महाराजांचा पगार, भाजी, दूध, महिनाअखेरीचा फीस्ट हे सगळे त्याच्याकडे. महिना संपला की ५ तारखेच्या आत संपूर्ण हिशेब हाताने लिहून जेवणघराच्या भिंतीवर लावायचा. एकूण खर्च भागिले एकूण ताटे, म्हणजे रोजचा दर. त्यातून ज्याचा त्याचा खाडा, म्हणजे तो जेवला नाही ते दिवस, वजा करून बिल. सलग दोन दिवसांपेक्षा कमी खाडा धरायचा नाही, असा नियम होता. नियमावली म्हणाल तर दीड पान.

एका महिन्यात दर अचानक वाढला. सेक्रेटरी लोकप्रिय मुलगा होता, फीस्टही त्याने उत्तम दिला होता, त्यामुळे पहिले दोन दिवस कोणी काही बोलले नाही. मग एकाने खाड्याची वही आणि रोजची ताटमोजणी समोरासमोर ठेवून पाहिली. सेक्रेटरीने आपल्या चार मित्रांच्या नावे आठ-आठ दिवसांचे खाडे लावले होते आणि ते चौघे ते आठही दिवस आमच्या पंगतीला बसून जेवले होते. त्यांचा भार उरलेल्या छप्पन्न ताटांवर पडला होता.

रात्री जेवणानंतर सभा झाली. सेक्रेटरीला आधी बोलू दिले. त्याने अर्धे कबूल केले आणि अर्धे महाराजांवर ढकलले. महाराजांना बोलावून विचारले तेव्हा उरलेले अर्धेही कबूल झाले. मतदानापूर्वी त्याला आणि त्या चौघांना बाहेर थांबवले. पुष्कळांचे म्हणणे होते की पाचही जणांची ताटे बंद करावीत. शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी उठून म्हणाला की पैसे वसूल करा, पुन्हा कधी सेक्रेटरी करू नका, पण ताट बंद करायचे नाही. आपण मेस आहोत, कोर्ट नाही. ते मान्य झाले. फरकाची रक्कम पाच जणांकडून दोन महिन्यांत वसूल झाली आणि रेक्टरांना या प्रकरणाचा पत्ताही लागला नाही.

हे जमले ते आम्ही मोठे तत्त्वनिष्ठ होतो म्हणून नव्हे. चोरी प्रत्येकाच्या बिलात रुपयांत दिसत होती, म्हणून जमले. तुमच्या मंडळात १०० रुपये वर्षातून एकदा गोळा होतात आणि मग ते कोठे जातात हे कोणाला दिसत नाही. तेथे २१ ऐवजी ४२ कलमे लिहिली तरी सभेला कोणी येणार नाही. हिशेब भिंतीवर लावण्याचे एक कलम पहिल्यांदा घाला.

निवृत्त उपप्राचार्या

वरचा प्रसंग वाचून आनंद झाला; परंतु ६० ताटांची गोष्ट ३,००० विद्यार्थ्यांना लावताना थोडे जपून असावे.

कलमबहाद्दर यांनी १९९४ च्या पद्धतीवर टीका केली आहे. ती योग्य आहे, तरी ती पद्धत आकाशातून पडली नव्हती. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, आणि निवडणुकीच्या दिवसांत महाविद्यालयाच्या दारात साखळ्या-हॉकी स्टिका घेऊन उभी असलेली, आमच्या कोणत्याच वर्गात नाव नसलेली मुले मी स्वतः पाहिली आहेत. पालकांना आणि आम्हा शिक्षकांनाही निवडणुका बंद झाल्याचे त्या वेळी बरेच वाटले, हे मी लपवत नाही.

मात्र पुढे जे झाले ते अधिक बोधप्रद आहे. गुणवत्तेनुसार नेमलेल्या पंधरा-वीस प्रतिनिधींतून सचिव निवडायचा आणि त्या सचिवांतून विद्यापीठ प्रतिनिधी, अशी रचना झाली. म्हणजे मतदार उरले मूठभर. परीक्षेत पहिला येणारा मुलगा बिचारा अभ्यासू, त्याला कशातच रस नाही. आणि नेमके त्याचेच मत सोन्याच्या भावाचे. निवडणुकीच्या आठवड्यात वर्ग प्रतिनिधी ‘सहलीला’ जाऊ लागले. पालक माझ्याकडे विचारत येत की आमचा मुलगा कोठे आहे, आणि मतदानाच्या सकाळी कोणाची तरी जीप फाटकाशी थांबून त्यातून पाच-सहा जण झोपाळलेल्या डोळ्यांनी उतरत. आमदारांची पळवापळवी वर्तमानपत्रांत गाजते, ती आम्ही आवारात फार पूर्वी पाहिली होती. संपूर्ण निवडणूक आम्ही प्राध्यापक घेत होतो, नियम आमचे, शिक्का आमचा. शिस्त मुलांच्या हातून काढून आमच्याकडे आली म्हणून काही ती वाढली नाही.

आणखी एक सूचना, आणि ती कृपया टाळू नये. काही प्रकरणे विद्यार्थी मंडळाने स्वतःच्या सभेत घेताच कामा नयेत. रॅगिंगसंबंधी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत समितीकडेच गेल्या पाहिजेत. ‘आपण आपसांत मिटवू’ हे वाक्य खाड्याच्या बाबतीत शहाणपणाचे आहे, या दोन बाबतींत ते तक्रारदार मुलीचा किंवा मुलाचा गळा दाबणारे ठरते. माझ्या कारकिर्दीत एका सांस्कृतिक मंडळाने असे एक प्रकरण ‘मिटवले’ होते आणि त्याची किंमत तक्रार करणाऱ्या मुलीने महाविद्यालय सोडून मोजली.

झेलमकाठी

मॅडम, आपला दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिल्याविषयी थोडे लिहितो, कारण मी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एका वर्षी निवडणूक समितीवर काम केले आहे.

तेथील विद्यार्थी संघाची निवडणूक विद्यापीठ घेत नाही, विद्यार्थीच घेतात. संघाची घटना १९७१ पासूनची आणि विद्यार्थ्यांनीच केलेली. निवडणूक समिती विद्यार्थ्यांची, मुख्य निवडणूक अधिकारीही विद्यार्थीच. उमेदवारी अर्ज तपासणे, प्रचाराच्या वेळा ठरवणे, अध्यक्षीय वादसभेत वेळ संपल्यावर माईक बंद करणे, मतपत्रिका मोजणे हे सर्व आम्ही केले. समितीत असताना आपल्या संघटनेच्या टेबलावर चहासुद्धा प्यायचा नाही, असा संकेत होता; तो कोठे लिहिलेला नव्हता आणि मोडला असता तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक ढाब्यावर त्याची चर्चा झाली असती.

निवडून आलेल्यांवर वचक म्हणजे सर्वसाधारण सभा, आमच्या भाषेत ‘जीबीएम’. प्रत्येक स्कूलची, म्हणजे विद्याशाखेची, वेगळी आणि सगळ्या विद्यापीठाची वेगळी. तेथे पदाधिकाऱ्याला उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत आणि या सभा पहाटेपर्यंत चालत. पहाटे तीन वाजता एका नगरसेवकछाप भाषण करणाऱ्या पदाधिकाऱ्याला पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलेला साधा हिशेबाचा प्रश्न मला आजही आठवतो. त्याचे उत्तर आले नाही आणि पुढच्या वर्षी त्याला तिकीटही मिळाले नाही.

याचा अर्थ तेथे सर्व आलबेल होते असे नव्हे. २०१८ साली मतमोजणीच्या ठिकाणी बळाने घुसण्याचा आणि मतपेट्या हिसकावण्याचा प्रयत्न झाला, असे सांगून समितीने मोजणी थांबवली आणि ती कित्येक तासांनी पुन्हा सुरू झाली. हातात दांडका नसलेल्या विद्यार्थी समितीचे एकमेव शस्त्र तेच असते: काम थांबवणे. ते वापरायला धैर्य लागते, आणि समितीवर कोणाचाही विश्वास नसेल तर त्या धैर्याला काही अर्थ राहत नाही.

वकील, नारायण पेठ

आवडीचे एक विद्यापीठ समोर ठेवून साऱ्या देशाचे नियम ठरवता येत नाहीत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी देशभर लागू केल्या. उमेदवारास कमाल ५,००० रुपये खर्च, छापील भित्तिपत्रकांवर बंदी, ७५ टक्के हजेरी, पदवीसाठी २२ वर्षांपर्यंत वय, पदाधिकाऱ्याचे पद लढवण्यास आयुष्यात एकच संधी, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सर्व प्रक्रिया दहा दिवसांत. तक्रारींसाठी एक निवारण कक्ष. त्याचे अध्यक्ष विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता, सोबत एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक प्रशासकीय अधिकारी, आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, त्यांत एक मुलगा व एक मुलगी. म्हणजे विद्यार्थ्यांना स्थान आहे, परंतु पाचांत दोन.

हे नियम अनाठायी होते असे मला वाटत नाही. दिल्ली विद्यापीठाचे २०२४ चे उदाहरण घ्या. हाताने लिहिलेल्या भित्तिपत्रकांचा नियम असताना साऱ्या शहराच्या भिंती, मेट्रोचे खांब आणि महाविद्यालयांच्या कमानी छापील पत्रकांनी आणि रंगाने भरून गेल्या. शेवटी उच्च न्यायालयाने सांगितले की मतदान घ्या, पण घाण साफ होईपर्यंत मोजणी करायची नाही. २७ सप्टेंबरला मते पडली आणि निकाल लागला २५ नोव्हेंबरला; मधल्या काळात उमेदवार भिंती पुसत होते. त्या दोन महिन्यांत विद्यार्थी संघाच्या घटनेला काही करता आले का? स्वशासन फार सुंदर शब्द आहे. ज्या निवडणुकीवर बाहेरचा पैसा लागलेला असतो तेथे तो फक्त शब्दच राहतो.

झेलमकाठी

वकीलसाहेब, दिल्ली विद्यापीठाविषयी वाद नाही. परंतु त्याच लिंगडोह नियमांचे पालन होत नाही म्हणून ऑक्टोबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमच्या विद्यापीठाची निवडणूक थांबवली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट मार्च २०१२ मध्ये, काही अटी शिथिल झाल्यावर. ज्या आवारात छापील पत्रके आधीपासूनच नव्हती, त्याच आवारात निवडणूक बंद. संशोधन करणारा विद्यार्थी २८ वर्षांनंतर बाद होत होता, आणि निवडणूक घेणारे विद्यार्थीच आहेत हे दोषाच्या यादीत गेले. खर्चाची आणि भिंतींची शिस्त मात्र कोणी मोजली नाही.

निवारण कक्षाचेही पाहा. २०२४ मध्ये आमच्या विद्यापीठात चार वर्षांनी निवडणूक झाली तेव्हा मतदान सुरू होण्याच्या काही तास आधी, मध्यरात्रीनंतर, सरचिटणीसपदाच्या एका उमेदवाराचा अर्ज रद्द झाला. तिच्या आघाडीने घाईघाईने दुसऱ्याच संघटनेच्या उमेदवाराला पाठिंबा दिला आणि ती उमेदवार निवडून आली. अर्ज रद्द करणे बरोबर की चूक या वादात मी शिरत नाही. पण कलमबहाद्दर सरांनी एवढे जरूर लिहावे की पात्रतेवरचा आक्षेप केव्हापर्यंत घेता येईल. मतदानाच्या पहाटे निकाल देणारी यंत्रणा आतली असो वा बाहेरची, तिच्यावर संशय येणारच.

अटलांटिकपार

मी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहतो आणि माझी मुलगी तेथील व्हर्जिनिया विद्यापीठात शिकली, म्हणून एक वेगळा नमुना सांगतो. या विद्यापीठात खोटे बोलणे, फसवणूक आणि चोरी यांचा निवाडा १८४२ पासून चालत आलेल्या ‘ऑनर’ पद्धतीने होतो. त्याच्या दोन वर्षे आधी एका विद्यार्थ्याने प्राध्यापकावर गोळी झाडली होती आणि त्यात ते दगावले; विद्यार्थी व शिक्षक यांच्यातील वैमनस्य इतके टोकाला गेल्यावर ही परस्परविश्वासाची पद्धत सुरू झाली. आज चौकशी करणारे, बाजू मांडणारे आणि निर्णय देणारे पंच हे सर्व विद्यार्थीच असतात.

मुद्दा शिक्षेचा आहे. कित्येक पिढ्या दोषी ठरलेल्याला एकच शिक्षा होती: विद्यापीठातून कायमची हकालपट्टी. ऐकायला फार बाणेदार वाटते. प्रत्यक्षात, शेजारच्या बाकावरचा मुलगा नक्कल करताना दिसला तरी त्याचे आयुष्य उधळले जाईल या भीतीने पुष्कळ जण तक्रारच करत नसत, असे माझी मुलगी सांगत असे. आणि टीकाकारांचे म्हणणेही असे की गुन्हा सिद्ध दिसत असताना पंचांचा हात अडखळतो. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी मोठ्या बहुमताने ही हकालपट्टी काढून तिच्या जागी दोन सत्रे विद्यापीठाबाहेर राहण्याची शिक्षा आणली, आणि २०२३ मध्ये प्रकरणानुसार वेगवेगळ्या शिक्षा देता येतील अशी तरतूद केली. जुनी बराक यांच्या मेसमधील त्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे एका रात्रीत सुचले, तेथे पोहोचायला येथे पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली.

जुनी बराक

हे त्याला कळवायला हवे. तो सध्या नातवंडांत रमलेला आहे. मेसचा हिशेब मात्र अजून तोंडपाठ आहे.

निवृत्त उपप्राचार्या

इंग्लंडमधील व्यवस्थेचा एक उल्लेख करते, कारण तो मसुद्याला थेट उपयोगी आहे. तेथील १९९४ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे विद्यार्थी संघाला लेखी घटना असावी लागते, विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ती कमाल पाच वर्षांच्या अंतराने तपासायची असते, प्रमुख पदांची निवडणूक गुप्त मतदानाने होते, आणि एका व्यक्तीला अशी पगारी पदे एकूण दोन वर्षांहून अधिक भूषवता येत नाहीत. संघाचे सभासद न होण्याचा हक्कही विद्यार्थ्याला असतो. म्हणजे संस्था घटनेवर नजर ठेवते, रोजच्या कारभारात हात घालत नाही. योगायोगाने वर्ष तेच, १९९४. त्याच वर्षी आपण नेमणुकीची वाट धरली.

कलमबहाद्दर

सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळाच्या मुलांबरोबर दोन तास बसलो आणि ही सगळी चर्चा त्यांना वाचून दाखवली. ‘अध्यक्षांशी उद्धट बोलू नये’ हे कलम त्यांनी स्वतःहून काढले. काढताना अध्यक्ष थोडे हिरमुसले. हिशेब दर महिन्याच्या ५ तारखेला सूचनाफलकावर लावायचा, न लावल्यास खजिनदाराची सही असलेला कोणताही खर्च पुढच्या सभेपर्यंत करता येणार नाही, असे नवे कलम आले. शिक्षांची पायरी ठरली: समज, भरपाई, पदावरून दूर करणे, आणि सर्वांत शेवटी एका वर्षापुरते सभासदत्व स्थगित. कायमची हकालपट्टी नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रार लेखी मिळेल, तो आधी बोलेल आणि मतदानाच्या वेळी बाहेर थांबेल. उमेदवारीवरचा आक्षेप मतदानाच्या तीन दिवस आधीपर्यंतच. रॅगिंग आणि लैंगिक छळाची तक्रार मंडळाकडे आली तर ती त्याच दिवशी प्राचार्यांकडे अथवा अंतर्गत समितीकडे पोहोचवायची आणि सभेत तिची चर्चाही करायची नाही; हे कलम मुलींनी लिहिले आणि ते माझ्या कल्पनेपेक्षा कडक आहे.

अडले ते एकाच ठिकाणी. पदाधिकाऱ्याला दूर करण्यासाठी विशेष सभा बोलवायची तर एक-पंचमांश सभासदांच्या स्वाक्षऱ्या हव्यात, असे मी सुचवले. काहींना ती संख्या फार कमी वाटते, कारण आमच्या येथे एकाच वसतिगृहातील मुले एकत्र आली तरी तेवढ्या होतात आणि मग दर महिन्याला कोणाला तरी उठवण्याचा उद्योग सुरू होईल. त्यावर उपाय म्हणून एका पदाधिकाऱ्याविरुद्ध एका सत्रात एकच प्रस्ताव, असे ठरते आहे. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारले की स्वाक्षऱ्या खऱ्या आहेत हे तपासणार कोण. सचिवाविरुद्धच प्रस्ताव असेल तर सचिवाकडेच कागद द्यायचा का? याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

झेलमकाठी

सर, शेवटच्या वर्षातील ज्यांना कोणतेही पद लढवायचे नाही अशांची नावे वर्षाच्या सुरुवातीलाच मागवा, सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून तिघे काढा आणि निवडणूकही त्यांनाच घेऊ द्या. त्यांना मंडळाच्या खर्चाने चहासुद्धा द्यायचा नाही, एवढे मात्र लिहून ठेवा. आमच्याकडे ते लिहिलेले नव्हते.

कलमबहाद्दर

चिठ्ठ्यांचे पटले. शनिवारी सभा आहे, तेथे मांडतो. चहाचे कलम कितपत टिकेल याची खात्री देत नाही.